बापाची रजा

दत्ताराम माझ्याशी खोटं बोलला, बायकोशी बोलला, आईशी बोलला आणि गावच्या देवीशीही बोलला. तरी तो खोटारडा माणूस नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार आहे, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते आहे.

साकीनाक्याला आमच्या कंपनीचे दोन गाळे आहेत. औषधाच्या गोळ्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, ती खोकी आम्ही छापतो, कापतो आणि गठ्ठे बांधून पाठवतो. माणसं साठ-बासष्ट. मी मुलुंडहून येते आणि एकोणीस वर्षं हजेरी, रजा, कागदपत्रं हे सगळं बघते. कामगार मला शुभा मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दत्ताराम पंचिंग मशीनवर आहे. छापलेला कागद मशीनच्या जबड्यात ठेवायचा, जबडा मिटला की खोक्याच्या आकारात कापून निघतो, तो काढायचा आणि दुसरा ठेवायचा. हात वेळेत बाहेर आला नाही तर बोटं गेली. चौदा वर्षांत त्याच्या बोटाला ओरखडा नाही. बुटका, छातीनं रुंद, आणि आवाज मात्र शाळेतल्या मुलासारखा बारीक. समोरून मॅडम आली की भिंतीला चिकटून वाट देणार. डबा खाताना झाकण आडवं धरणार, कुणी आपली भाजी बघू नये म्हणून. मे महिन्यात मात्र गावचे आंबे सगळ्या टेबलांवर न बोलता ठेवून जाणार.

वर्षातून दोनदा हा गरीब माणूस वाघ होतो. गणपतीला आणि शिमग्याला. गाव लांज्याकडचं. ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर निघाली की पहिला खांदा यांच्या घराचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण शिमग्याचा खांदा त्यांनी सोडला नाही. ते गेल्यावर मान दत्तारामकडे आला. चुलत्याचं घर तो मान मिळवायला टपलेलं आहे, असं तो सांगायचा. एकदा ऑर्डर अडली म्हणून आमच्या शेठनी, चंद्रप्रकाशजींनी, शिमग्याची रजा नाकारली. यानं शांतपणे राजीनामा लिहून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. दहा दिवसांनी कानात गुलाल घेऊन आला आणि काही झालंच नाही अशा थाटात मशीन पुसायला लागला. शेठ डोक्याला हात लावून हसले. त्याच्यासारखा पंचिंगवाला साकीनाक्यात दुसरा मिळाला नसता.

आता रजेविषयी. बाईला बाळंतपणाची सव्वीस आठवडे भरपगारी रजा कायद्यानं मिळते. बापाला सरकारी नोकरीत पंधरा दिवस मिळतात, खाजगी कंपनीवर सक्ती नाही. माझा थोरला झाला तेव्हा नवरा तासभर थांबला आणि ऑफिसला गेला. मला त्याचा राग तेव्हा आला नाही, वीस वर्षांनी आला. तो राग घेऊन मी शेठच्या मागे लागले. आपल्याकडे बापाला पंधरा दिवस द्या. दोन वर्षं हे पालुपद लावलं.

"शुभाबेन, बाप घरी बसून काय करणार? दूध पाजणार?"

"दूध सोडून बाकी सगळं असतं शेठ. तुम्ही कधी बघितलं नाहीत, एवढंच."

शेवटी कंटाळून ते हो म्हणाले. पण एक वर्षासाठी. पहिला माणूस कसा वागतो ते बघू, मग पुढचं. पहिला माणूस दत्ताराम निघाला, आणि मला वाटलं, नशीबच काढलं. याच्याइतका सरळ माणूस दुसरा कोण? त्याच्या मागोमाग रांगेत होता मिथुन, छपाईवरचा. त्याच्या बायकोला, ऋतिकाला, तेव्हा सातवा चालू होता.

लग्नानंतर सात वर्षांनी दत्तारामच्या घरात पाळणा हलणार होता. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे बोरिवलीला. पण त्या माहेरी आईच नव्हती. त्याची बायको रेवती आठ वर्षांची असताना ती गेली. घरात फक्त वडील, अण्णा, आणि त्यांचे गुडघे कामातून गेलेले. दत्तारामनं अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. "पत्नीला आई नाही. सासरे थकले आहेत. बाळंतिणीजवळ माणूस हवे. तरी कृपया बापाची रजा मिळावी." मी छापून घेतलेल्या फॉर्मवर पितृत्व रजा असा भारदस्त शब्द होता, पण त्या दिवसापासून सगळे तिला बापाची रजाच म्हणायला लागले. अर्ज वाचून माझे डोळे भरून आले होते. अर्जातला शब्द न् शब्द खरा होता.

मुलगी सोमवारी दुपारी झाली, सिझेरियननं. मंगळवारी सकाळी तो पेढे घेऊन आला. मी शेठची सही घेतली आणि म्हटलं, "पळ आता." तो पळाला.

त्या गुरुवारी होळी होती. माझ्या टेबलावर कोकणातल्या झाडून सगळ्या कामगारांचे शिमग्याचे अर्ज पडलेले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यात दत्तारामचा अर्ज नव्हता, आणि त्याचा अर्थ लावायला मला काही अक्कल लागत नव्हती, असं मला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना मोठ्या ऐटीत म्हणाले, "बघा गं, दीड दिवसाच्या पोरीनं बापाला शिमगा सोडायला लावला." सगळ्या हसल्या. रजा मी आणली होती ना, मग त्या हसण्यातला वाटाही मी घेतला.

शनिवारी आम्ही ऑफिसातल्या बायकांनी मिळून बाळंतविडा केला. झबली, टोपडं, मऊ दुपटं, डिंकाचे लाडू. तो घेऊन मी बोरिवलीला गेले. न कळवता, कारण दत्तारामला बाळाचं दुपटं बदलताना पकडायचं होतं.

दार रेवतीनं उघडलं. आदल्याच दिवशी तिला घरी सोडलं होतं. एक हात दाराला, एक हात पोटाच्या टाक्यांवर. आत अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पायानं झोळी हलवत होते. गॅसवर काहीतरी करपत होतं. मी ओळख सांगितली. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुम्हीच का त्या रजेच्या मॅडम?" ती म्हणाली. "तुमच्या घरी कुणी बाळंत होत नाही का हो? ऑर्डर आहे, डबल पाळी आहे, म्हणून पाच दिवस माणसाला गाळ्यातच झोपवता? मेली असते मी तर सोडलं असतं का?"

मला आधी काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. तिनं सांगितलं ते असं. मंगळवारी दत्ताराम दवाखान्यात येऊन म्हणाला होता, रजा नामंजूर झाली. दिवसातून एकदा फोन करतो, पण मशीनच्या धडधडीत काही ऐकू येत नाही. गावाला मी कळवतो, तू फोन करू नको, असंही बजावून गेला होता. सासूचा अजून फोन नाही. "मुलगी झाली ना, म्हणून," रेवती म्हणाली. "ठीक आहे. मी पण नाही करणार."

शिमग्याचे ढोल कसे वाजतात ते मला माहीत आहे. फोनमध्ये ते मशीनसारखेच ऐकू येत असणार.

आता मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. फोनमध्ये मंजुरीच्या कागदाचा फोटो होता. तो तिच्यापुढे धरायचा आणि म्हणायचं, बाई गं, रजा दिली आहे, तुझा नवरा गावाला नाचतो आहे. माझा हात पर्समध्ये गेलाही. पण डोळ्यापुढे शेठ आले. पहिला माणूस कसा वागतो ते बघू. ही बाई चिडून कंपनीत फोन करणार, शेठना कळणार, रजा बंद. मिथुनची गेली. पुढच्या सगळ्यांची गेली. दोन वर्षं झिजवलेली जीभ फुकट गेली. मी हात पर्समधून रिकामा बाहेर काढला.

"हो गं," मी म्हणाले. "नाही मिळाली. चूक झाली आमची."

ओल्या बाळंतिणीला धक्का नको, असं मी मनाशी म्हटलं. तेव्हा ते मला पटलंही.

तिचा राग ऐकून घेतला, करपलेली पेज उतरवली, आणि बाळ हातात घेतलं. खिडकीशी नेलं तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा. मी दोन मुलं वाढवली आहेत. लगेच रिक्षा केली. अण्णांना जिना उतरवेना, ते वर थांबले. रेवती प्रत्येक खड्ड्याला टाके धरून डोळे मिटत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ आहे, नवजात बाळांत होते, घाबरू नका, पण दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल आणि आईला दर दोन तासांनी पाजायला यावं लागेल. नर्सनं कागद पुढे केला. "वडील कुठे बाळाचे?"

"कंपनीनं सोडलं नाही," रेवती म्हणाली. "या त्याच कंपनीच्या मॅडम."

नर्सनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग तुम्ही कशाला आलात? त्यालाच पाठवायचं ना."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, तिच्या नवऱ्यानं, सगळ्यांनी वळून बघितलं. मी पर्सची साखळी उघडझाप करत उभी राहिले. बाहेर येऊन दत्तारामला सात वेळा फोन लावला. बंद. संध्याकाळी मला घरी जावं लागलं. माझ्या घरीही माणसं जेवायची होती.

सोमवारी मिथुन हसत हसत माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, हे बघा, दत्ता काय झकास नाचवतोय!" दत्तारामच्या गावच्या मंडळानं टाकलेला व्हिडिओ त्यानं फोनवर उतरवून घेतला होता. गुलालात लाल झालेला दत्ताराम, खांद्यावर पालखी, गुडघे वाकवून ढोलाच्या तालावर गिरक्या घेतोय. पालखीचा दांडा मानेत रुतला होता. सुरेख नाचत होता, हे मला कबूल करायला हवं.

माझं तोंड बघून मिथुनचं हसू गेलं. "मॅडम, पण तो तर बापाच्या रजेवर... अरे बापरे. वाट लागली."

"कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही."

"पुसून टाक. शेठनी बघितलं तर तुझी रजा गेली, समजलं? ऋतिकाजवळ कोण राहणार आहे?"

त्यानं माझ्यासमोर तो पुसला. मी त्या पोराला पण माझ्या खोटेपणात घेतलं, आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखी बघत राहिले.

त्याच दिवशी मी रेवतीला फोन करू शकले असते. मंगळवारीही. बुधवारीही. बाळ कसं आहे विचारायला केलाही. ती म्हणाली, आता बरी आहे, घरी आणली. मी म्हणाले, काळजी घे. यापलीकडे मी काही बोलले नाही.

गुरुवारी तिचाच फोन आला. आवाज एकदम मोकळा. "मॅडम, आले हे! तुम्हीच शेठशी बोललात ना? मी तुम्हाला त्या दिवशी वाट्टेल ते बोलले. मनात धरू नका हं. थँक्यू."

मी तिचं थँक्यू घेतलं.

राहिलेले पाच-सहा दिवस दत्तारामनं जीव तोडून काम केलं म्हणे. लंगोट धुतले, पेज केली, बाळाला तेल लावायला शिकला, अण्णांचे गुडघे शेकले. रेवती शेजारपाजारी नवऱ्याचं कौतुक सांगत होती. त्यानं गावाला फोन केल्यावर सासूचाही फोन आला, पण रेवती दोन शब्द बोलली आणि ठेवला. मनात अढी बसलेली होती.

रजा संपल्यावर बुधवारी तो कामावर आला. मी त्याला कागदाच्या रिळांमागे नेलं. मला ओरडायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती. पण तो आधीच रडायला लागला. बारीक आवाजातलं रडणं, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर कपाळ टेकून.

"मॅडम, सोयर आडवं आलं असतं," तो म्हणाला.

मला अर्धंच ठाऊक होतं, त्यानं पूर्ण सांगितलं. घरात मूल जन्मलं की घरच्यांना दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही. पालखीला खांदा द्यायचा नाही, आणि पालखीही त्या दारात येत नाही. मुलगी होळीच्या तीन दिवस आधी झाली. गावात कळलं असतं तर खांदा चुलत्याकडे गेला असता, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. म्हणून त्यानं गावात सांगितलं, रेवतीचे दिवस भरलेत, पण अजून झालेली नाही. आईलाही तेच सांगितलं. खांदा देऊन दोन दिवसांत परतायचं ठरलं होतं. पण पालखी घरोघर फिरत त्याच्या दारी यायला पुढचा बुधवार उजाडला. गुरुवारी बोरिवलीला पोचल्यावर त्यानं आईला फोन केला, मुलगी झाली.

"म्हणजे आमच्याकडे तिचा जन्म झालेला होता आणि गावात नव्हता," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. सात वर्षं वाट बघून आलेली मुलगी दहा दिवस तिच्या आजीला ठाऊक नव्हती. माझ्या फायलीत मात्र तारीखवार होती.

"देवीकडे बघितलं नाही मी," तो म्हणाला. "खाली बघूनच नाचलो. लोक म्हणाले, दत्ता यंदा दमला."

"बाळाला कावीळ झाली होती, माहीत आहे?"

"आल्यावर कळलं. फोनवर ढोलात काही ऐकूच आलं नाही." मग बराच वेळ तो बोटांनी पुठ्ठ्याची कड सोलत बसला. "मॅडम, शेठना सांगणार?"

"नाही. पण तू रेवतीला सांग."

"बारसं होऊ दे. मग सांगतो. आईची शपथ."

मी म्हटलं, बरं. मलाही तेच सोयीचं होतं.

बारसं रविवारी होतं, आणि त्याच दिवशी पाडवा. बोरिवलीला सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाळणा बांधला होता. फुगे, झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं. दत्ताराम नवा शर्ट घालून उगाच खुर्च्या इकडच्या तिकडे करत होता. त्याची आई जानकीबाई आदल्या दिवशी गावाहून आली होती. लहानखुरी, नऊवारीतली, गळ्यात मोठी पोत. नातीला एकदा मांडीवर घेतलं ते खाली ठेवायला तयार नव्हती. रेवती तिच्याशी कामापुरतं बोलत होती. मी कोपऱ्यात बसले. यायला नको होतं, पण न येणं आणखी वाईट दिसलं असतं.

कानात कुर्र झालं, नाव निधी ठेवलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले. जानकीबाईंना भरून आलं. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी नात किती शहाणी बघा. देवीची पालखी आमच्या दारातनं उठेपर्यंत वाट बघितलीन पोरीनं. पालखी उठली बुधवारी आणि ही झाली गुरुवारी. सोयर आणलं नाही तिनं देवीच्या आड."

बायका म्हणाल्या, अगंबाई, खरंच की.

रेवती पाळण्याची दोरी धरून उभी होती. "आई, ही सोमवारी झाली," ती म्हणाली.

"कुठच्या सोमवारी?"

"होळीच्या आधीच्या."

खुर्च्यांचा आवाज थांबला. जानकीबाईंनी लेकाकडे बघितलं. तो खुर्ची हातात धरून तसाच उभा होता, ठेवीना की उचलीना.

"दत्ता, सोयरात खांदा दिलास देवीला?"

त्यानं मान हलवली.

"पाच बाया घेऊन मी ओटी भरली रे तिची. सोयरात." त्या मटकन खाली बसल्या, तोंडाला पदर लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "माका सांगायचंस तरी. पालखी काय, दरवर्षी येते. हिला आई नाही. मी त्याच रात्रीच्या गाडीनं आले असते."

ते ऐकून रेवतीचा चेहरा पहिल्यांदा हलला. वीस दिवस तिनं सासूला मनात काय काय म्हटलं असेल, ते सगळं तिच्या डोळ्यांत आलं. दत्तारामनं खुर्ची ठेवली आणि सगळ्यांसमोर, त्या बारीक आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. रजा मिळाली होती, मंगळवारपासून. काही लपवलं नाही, फक्त माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग मला आपणहून तोंड उघडावं लागलं नसतं. मी उघडलंच नाही. पण रेवती हुशार आहे. तिनं हिशेब केला आणि दोरी जानकीबाईंच्या हातात देऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, जरा बाहेर येता?"

बाहेर सायकली लावायच्या जागेत आम्ही उभ्या राहिलो.

"तुम्ही बाळंतविडा घेऊन आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. रजा दिली आहे म्हणून."

"हो."

"आणि मी तोंडावर बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, नाही मिळाली."

"हो. मला वाटलं, तुला त्रास..." मी थांबले. एवढ्या उशिरा तरी खरं बोलावं. "नाही. मला वाटलं, कंपनी ती रजा बंद करेल. पुढच्या लोकांना मिळणार नाही."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही नुसतं खरं सांगितलं असतंत ना, तर मी त्याच मिनिटाला गावाला फोन केला असता. आई आल्या असत्या. हेही आले असते, आईंनी कान धरून आणलं असतं. शनिवार ते गुरुवार. त्यातले दोन दिवस मी त्या दिव्याच्या पेटीपाशी टाके धरून उभी होते, मॅडम. बसताच येत नव्हतं. आणि मनात शिव्या कुणाला देत होते, तर तुमच्या शेठला. त्याचा काय संबंध?" मग म्हणाली, "यांच्याबद्दल मला माहीत आहे, शिमगा आला की यांना वेड लागतं. पण तुम्ही ती रजा माझ्यासारखीसाठीच आणली होतीत ना?"

आतून कुणीतरी तिला हाक मारली, बाळ रडत होतं. ती गेली. मी तशीच मुलुंडला परतले. घरी गुढी उतरवायची राहिली होती, ती उतरवली, नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचा काही दोष नसताना.

सोमवारी मी कामावर पोचले तर दत्ताराम माझ्या आधी शेठच्या केबिनमध्ये होता. बाहेर आला तेव्हा हातात नवा अर्ज. बापाच्या रजेतले गावचे नऊ दिवस स्वतःच्या खात्यातून कापावेत, असा. म्हणजे यंदा गणपतीला रजा उरत नव्हती. मी तो ठेवून घेतला आणि आत गेले. माझा भागही सांगितला, व्हिडिओसकट. मग म्हटलं, "शेठ, आता रजा बंद करायची असेल तर करा, पण मिथुनला एवढी द्या. त्याची बायको..."

"बंद कशाला?" शेठ चष्मा पुसत म्हणाले. "एक माणूस खोटा आजारी पडला तर आपण सगळ्यांची सिक लीव्ह बंद करतो काय? माणसं आहेत, खोटं बोलणार." मग त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं. "पण शुभाबेन, त्या बाईला तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

एवढंच म्हणाले आणि पुढची फाइल ओढली. ज्या माणसाच्या भीतीनं मी सगळं केलं, तो असा बोलला. केबिनमधून माझ्या टेबलापर्यंत वीस पावलं आहेत. ती मी कशी चालले, मला आठवत नाही.

दत्ताराम अजून पंचिंगवर आहे. डबा अजून झाकण आडवं धरूनच खातो. जानकीबाई चार महिने बोरिवलीला राहिल्या, आणि गावात देवीपुढे काय प्रायश्चित्त घ्यायचं ते मायलेकानं मिळून घेतलं. चुलत्यांनी खांदा मागितला, तो यानं दिला. रेवती माझ्याशी फोनवर बोलते, विचारलं तेवढंच.

रजेच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली, बायकोचा फोन नंबर. रजा मंजूर झाली की त्या नंबरवर मी स्वतः कळवायचं. मे महिन्यात मिथुनचा अर्ज आला. शेठची सही झाल्यावर मी ऋतिकाला फोन लावला. बाळ दोन दिवसांचं होतं, मागे त्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, मिथुनला कालपासून रजा मंजूर झाली आहे, भरपगारी, पंधरा दिवस.

"किती?" ती म्हणाली.

"पंधरा."

"अहो मॅडम," ती म्हणाली, "हा तर म्हणाला, आठच आहेत."